बारा पंचे साठ, पण वेळेचे नाहीत

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी एक हिशेब मांडला होता. घोडबंदर रोडवरच्या घरातून निघून फोर्टातलं ऑफिस गाठेपर्यंत आणि परत घरी येईपर्यंत किती मिनिटं नुसती ताटकळण्यात जातात, ते आठवडाभर वहीत टिपून ठेवलं. बसस्टॉप, लिफ्ट, कुकरच्या शिट्ट्या, प्लॅटफॉर्म, सहीसाठी साहेबांच्या केबिनबाहेर, औषधांच्या दुकानात. बहुतेक तुकडे पाच-सहा मिनिटांचे, दिवसाला बारा-तेरा. बारा पंचे साठ! रोजचा एक तास फुकटात सापडला म्हणून मी त्याच आनंदात दोन संकल्प सोडले. एक म्हणजे मोडी लिपी वाचायला शिकायची, आणि दुसरा, आजीच्या आठवणी लिहून काढायच्या.

वर्ष संपताना मोडी बऱ्यापैकी वाचता यायला लागली होती. आजीच्या आठवणींच्या मात्र फोनमध्ये अकरा सुरुवाती निघाल्या, सगळ्या दोन-तीन वाक्यांत आटपलेल्या. त्यातल्या चार तर एकाच वाक्याने सुरू होत होत्या: ‘आजी पहाटे चारला उठायची.’ पुढे आजी काही हलली नव्हती.

वेळ तोच, बाई तीच, आणि खरं सांगायचं तर आजीच्या आठवणींची ओढ मोडीपेक्षा जास्तच. मग एक काम झालं आणि दुसरं अडलं ते का? आळस म्हणून विषय मिटवता आला असता. आपल्याकडे रिकाम्या वेळाबद्दलचं बहुतेक बोलणं आळसापाशी येऊन थांबतंच. पण मला उत्तर मिळालं ते पॉवर प्रेसच्या, म्हणजे पत्रा कापणाऱ्या यंत्राच्या, शेडमध्ये.

बाबा वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या वर्कशॉपात प्रेसवर होते. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत, हे ते अशा थाटात सांगतात की कोनशिला यांनीच बसवली असावी. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची. प्रेस चालू असली की धाड धाड आवाजात पत्र्याचे वॉशर खालच्या ट्रेमध्ये पडत राहायचे, मोजता येणार नाहीत इतक्या वेगाने. मग एकदम सगळं बंद. पुढचा तासभर बाबा आणि हेल्पर प्रेसच्या पोटात डोकं घालून. जुनी डाय, म्हणजे वॉशरचा साचा, सोडवायची, नवी चढवायची, बोल्ट आवळायचे, उंची जुळवायची, एक पीस काढून व्हर्नियरने मोजायचा, कडेला बर, म्हणजे खरबरीत कोर, येतेय का ते अंगठा फिरवून बघायचं, मग परत एक पत्र्याची चकती खाली सरकवायची. याला म्हणायचं ‘सेटिंग’. या तासाभरात एकही वॉशर पडत नाही. शेठ शेडमध्ये येऊन घड्याळाकडे बघायचे ते नेमके तेव्हाच.

माझा बारा पंचे साठचा हिशेब मी बाबांना मोठ्या कौतुकाने ऐकवला. ते म्हणाले, “अगं, सगळं बरोबर. पण सेटिंग कुठे धरलंस?”

नव्हतंच धरलं. प्रत्येक कामाला ते असतं, डोक्याच्या कामाला तर सगळ्यात जास्त. आजीबद्दल लिहायचं तर फोन काढायचा, फाइल शोधायची, मागचं वाचायचं, आजीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणायचं, आज चुलीबद्दल लिहायचं की पाट्या-वरवंट्याबद्दल ते ठरवायचं. यात सहज आठ मिनिटं जातात. आता साठ मिनिटांचे वेगवेगळे तुकडे करून बघा. सलग तास मिळाला तर आठ मिनिटं सेटिंग आणि बावन्न मिनिटं लेखन. वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे केले तर तीन आठे चोवीस सेटिंगात गेली, उरली छत्तीस. दहा-दहाचे सहा केले तर अठ्ठेचाळीस गेली, उरली बारा. आणि पाच-पाचाचे बारा तुकडे केले तर काम कधी सुरूच होत नाही. डाय चढायच्या आत बस येते. बेरीज शून्य, वर डोक्याला ताप.

मोडीचं सेटिंग किती? पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून एक चिठ्ठी काढायची. दहा सेकंद.

हे कळल्यावर आणखी एका प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळालं. मोकळी पाच मिनिटं मिळाली की हात फोनवर का जातो आणि फोनवरचं बोट रील्सवरच का जातं? कारण त्याचं सेटिंग शून्य आहे. मागचं आठवावं लागत नाही, पुढचं ठरवावं लागत नाही, मध्येच सोडलं तरी काही अर्धवट राहत नाही. छोट्या फटीत सगळ्यात कमी सेटिंगचं काम शिरतं, पाणी उताराला जातं तसं. त्यासाठी स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या कामाचा उतार वाढवणं सोपं.

सेटिंग कमी करता येतं, हे दाखवून देणारा माणूस जपानी इंजिनिअर होता, शिगेओ शिंगो. टोयोटामध्ये १९६९च्या सुमारास एक हजार टनी प्रेस होती. तिची डाय बदलायला चार तास लागायचे. शिंगोने आणि तिथल्या लोकांनी ते काम आधी दीड तासावर आणि शेवटी तीन मिनिटांवर आणलं. तासांवर नाही, मिनिटांवर. युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. सेटिंगातल्या कामांचे दोन ढीग करायचे. मशीन बंद असल्याशिवाय जी होऊच शकत नाहीत ती एकीकडे, आणि मशीन चालू असतानाच उरकून ठेवता येतील ती दुसरीकडे. पाने हाताशी मांडून ठेवणं, पुढची डाय गाड्यावर चढवून शेजारी उभी करणं, बोल्टांची मापं एकसारखी करणं, हे सगळं दुसऱ्या ढिगातलं. बाबा म्हणतात त्यांच्याकडे निम्मा वेळ सतरा-एकोणिसचा पाना शोधण्यात जायचा. तो कोणीतरी शेजारच्या गाळ्यात नेलेला असायचा.

घरात याचा अर्थ असा की फट सापडल्यावर तयारी करायची नाही, आदल्या रात्रीच करून ठेवायची. पुस्तक पर्सच्या तळाशी, डब्याखाली, छत्रीच्या गुंडाळीत असेल तर ते घरीच राहिल्यासारखं आहे. फोन करायचा असेल तर नंबर आणि विचारायचे दोन मुद्दे एका कागदावर आधीच लिहिलेले हवेत. शिवायचं बटण, सुई आणि दोरा एका डबीत, आणि दोरा ओवलेला. शेवटच्या दोन शब्दांतच सगळं आहे. दोरा ओवलेला असेल तर बटण कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये लागतं, नसेल तर शर्ट महिनाभर खुर्चीवर पडून राहतो.

मागच्या कामाचं खरकटं ही आणखी एक अडचण. हा शब्द माझा. संशोधनात त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘लक्षाचा उरलेला अंश’ असा होतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली हे मांडलं: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक भाग मागच्याच कामात अडकून राहतो आणि नव्या कामाची प्रत घसरते. साहेबांशी सहीवरून खटका उडाला असेल तर पुढची पाच मिनिटं हातात कितीही चांगलं पुस्तक धरा, डोळे ओळींवरून फिरतात आणि डोकं केबिनमध्येच असतं. ताट खरकटं असताना त्यात श्रीखंड वाढल्यासारखं. लेरॉय आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २०१८ साली यावर एक उपायही तपासला. काम सोडताना मिनिटभर थांबून आपण कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, एवढंच लिहून ठेवायचं. तेवढ्याने मागचं काम पाठ सोडतं. मी आता लिखाण थांबवताना पुढच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मुद्दाम लिहून ठेवते. ‘मग आजी फडताळातून’ एवढंच. फडताळातून काय काढलं ते दुसऱ्या दिवशी. सेटिंगही कमी होतं आणि खरकटंही निघतं.

आता बसस्टॉपकडे. तिथलं गणित कळल्यापासून मी बसची वाट वेगळ्या पद्धतीने बघते.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसच्या, म्हणजे बस सुटतात त्या, पुलावर संध्याकाळी सात वाजता उभं राहून बघा. रांगेतला प्रत्येक जण मान वाकडी करून बस वळते त्या कोपऱ्याकडे बघत असतो आणि प्रत्येकाची एकच तक्रार: आपण आलो की बस नेमकी उशिरा येते. हा नशिबाचा भाग वाटतो, पण यात शुद्ध अंकगणित आहे. धरून चालू की तासाला चार बस आहेत, म्हणजे सरासरी पंधरा मिनिटांनी एक. आपण कधीही पोचलो तर सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागेल, असं वाटतं. बस घड्याळाच्या काट्यावर सुटल्या तर तसंच होईल. पण रस्त्यावर बस एकमेकींना चिकटतात. एखादी बस थोडी मागे पडली की तिच्यासाठी स्टॉपवर जास्त माणसं साठतात, ती चढेपर्यंत ती आणखी मागे पडते, आणि मागची जवळपास रिकामी बस तिला येऊन गाठते. जगात कुठेही बस अशाच वागतात. तर समजा अंतरं पाच मिनिटं, पंचवीस मिनिटं, पाच, पंचवीस अशी पडली. सरासरी अजूनही पंधराच आहे. पण दर अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं मोठ्या फटीची आहेत. म्हणजे तुम्ही पुलावर कधीही उगवलात तरी सहापैकी पाच वेळा मोठ्या फटीतच पडणार, आणि तिथे सरासरी साडेबारा मिनिटं थांबणार. एखाद्याच वेळी छोट्या फटीत पडाल, तिथे अडीच मिनिटं. साडेबाराच्या पाचपट साडेबासष्ट, त्यात अडीच मिळवले की पासष्ट, भागिले सहा. जवळपास अकरा मिनिटं. साडेसात नाहीत.

पुढची गंमत याहून मोठी आहे. या उदाहरणात पाच मिनिटं उभं राहूनही बस आली नाही, तर तुम्ही मोठ्या फटीत आहात हे नक्की झालं, आणि आता सरासरी आणखी दहा मिनिटं बाकी आहेत. आलात तेव्हा अकरा होती, पाच मिनिटं थांबलात, तरी दहा बाकी! ‘एवढं थांबलोय, आता येईलच’ हे आपण ज्या खात्रीने म्हणतो त्या खात्रीला काडीचाही आधार नाही. खरी अंतरं अर्थातच इतकी नेटकी नसतात. पण अंतरं अनियमित असली की वाट बघण्याचा वेळ वाढतो हे पक्कं.

डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना दोन गोष्टी नोंदवल्या होत्या, आणि आपल्याला त्या अनुभवाने ठाऊकच असतात. किती थांबायचं ते माहीत नसलं की वेळ लांबतो, आणि हाताला काही काम नसलं की आणखी लांबतो. पुलावर दोन्ही एकदम असतं. म्हणून माझा आता एक नियम आहे. पहिली पाच मिनिटं मीही कोपऱ्याकडे बघते, शेजारणीशी बोलते, पुलावरून खाली रिक्षांचा गोंधळ बघते. सहाव्या मिनिटाला चिठ्ठ्या बाहेर. ‘रोज अभ्यास करीन’ असा संकल्प टिकत नाही. ‘पाच मिनिटं झाली आणि बस आली नाही, की चिठ्ठ्या काढायच्या’ हा टिकतो. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली हेच ‘जर-तर’च्या भाषेत मांडलं होतं: काय करायचं याबरोबर कधी आणि कुठे करायचं तेही आधीच बांधून ठेवलं, तर ते काम होण्याची शक्यता बरीच वाढते. आमच्याकडे त्याला ‘तोंडावर सांगून ठेवणं’ म्हणतात. दुधाची पिशवी आण असं सांगून भागत नाही, स्टेशनवरून वर येताना आण असं सांगावं लागतं.

फटींची जात ओळखणंही लागतं. लांबी हा त्यातला एकच भाग. हात मोकळे आहेत की डोळे? की फक्त कान? भांडी घासताना कान आणि डोकं मोकळं. गच्च भरलेल्या डब्यात उभं असताना हात दांडीला अडकलेले, डोळे समोरच्या बाईच्या पर्सवर, मोकळं फक्त डोकं. दवाखान्यात डोळे मोकळे असतात, पण कान नंबराकडे लावलेला असतो, त्यामुळे ऐकण्याचं काही चालत नाही. ज्यांनी हे सगळं कधी वाचलेलं नाही अशा माणसांना ते आतूनच कळलेलं असतं. आमच्या लेडीज डब्यात एक काकू आहेत. कुर्ला गेलं की त्या मांडीवर वर्तमानपत्र पसरतात आणि मेथीची जुडी सोडतात. मेथी निवडायला डोळे अर्धेच लागतात, त्यामुळे गप्पा चालू. मुळं एका बाजूला, पानं पिशवीत, पिवळं पान दिसलं की बोटांनीच कळल्यासारखं बाजूला. भांडुपला जुडी संपते, नाहूरला वर्तमानपत्राची पुडी होते, मुलुंडला पिशवीचं तोंड बांधून त्या उभ्या राहतात. मी त्यांना एकदा विचारलं, रोज कसं जमतं? त्या म्हणाल्या, “घरी जाऊन निवडायची तर भाजी नऊला होते गं. इथे निवडली की आठला.” सेटिंग, फट, जर-तर, सगळं एका जुडीत.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण रिकाम्या वेळाच्या सदुपयोगावर लिहिणारे ती हमखास गाळतात. सगळ्यांचा रिकामा वेळ सारख्या प्रतीचा नसतो. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली होती की लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं तिच्यात निघालं. आकडा एवढाच सांगतो की बायकांना वेळ कमी मिळतो. तो चुरा होऊन मिळतो, हे त्यात दिसत नाही. माझ्या नवऱ्याचा रविवार सकाळचा फावला वेळ दीड तास सलग असतो. माझाही दीड तासच असतो, पण ‘आई, माझे मोजे’, ‘अगं, इस्त्रीवाला आलाय’, ‘सूनबाई, गॅस बंद केलास का’ अशा खुंट्या मध्ये मध्ये ठोकलेला. मिनिटं मोजली तर बरोबरी, सेटिंग धरलं तर मी भिकेला. तेव्हा घरातल्या कोणाला वेळ द्यायचा असेल तर वीस मिनिटं तीन वेळा देऊ नका, एकदा तासभर द्या आणि खोलीचं दार लावून घ्या. हिशेब वर केलेलाच आहे.

मोडीकडे वळते, कारण तिथे हे गणित उलटं फिरतं.

मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. लेखणी शक्यतो उचलायची नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करायची नाही. लिहिणाऱ्याची सोय, वाचणाऱ्याची परीक्षा. सुरुवातीला हे निव्वळ ओळख पटवण्याचं काम असतं: हा आकार म्हणजे कुठलं अक्षर. आणि ओळख पटवण्याच्या कामाला तुकडे मानवतात. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने हे स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं. अर्थ नसलेली अक्षरगुच्छं हजारोंनी पाठ करायची आणि मग ती किती विसरली ते मोजायचं, असे त्याचे दिवस जायचे. १८८५ साली त्याने निष्कर्ष छापले. पाठ केलेली यादी वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करायला घेतली तर मूळ कष्टांपैकी सुमारे ५८ टक्के वाचायचे. तासाभराने घेतली तर ४४ टक्के, एका दिवसाने सुमारे ३४, महिन्याने २१. म्हणजे विसरणं सुरुवातीला कड्यावरून पडल्यासारखं असतं, मग उतार मंदावतो. त्याच्याच प्रयोगातली दुसरी नोंद जास्त कामाची आहे. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधायचं, तेवढंच काम तीन दिवसांत वाटलेल्या ३८ वेळांत व्हायचं. निम्म्याच्या आसपास.

मध्ये विसरायला थोडा वेळ मिळाला आणि मग आठवायचा प्रयत्न केला की आठवण पक्की होते. सकाळी लिफ्टपाशी पाच मिनिटं, दुपारी केबिनबाहेर पाच, संध्याकाळी पुलावर पाच, यांच्यामधले तासही तुमच्यासाठी राबत असतात. इथे बारा पंचे साठाहून जास्त होतात. शब्द, पाढे, परीक्षेच्या व्याख्या, नव्या ऑफिसातल्या लोकांची नावं, सगळ्याला हे लागू. आजीच्या आठवणींना नाही, कारण तिथे काही ओळखायचं नसतं, उभं करायचं असतं.

सेबास्टियन लाइटनर या जर्मन विज्ञानपत्रकाराने १९७२ साली यासाठी एक पेटी सुचवली, तीच मी केली. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या, पुढे मोडी अक्षर, मागे बाळबोध. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे. अक्षर ओळखलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की पार पहिल्या कप्प्यात परत. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, पुढचे आणखी अंतराने. जे येतं त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते दारात येऊन बसतं. सकाळी निघताना त्या दिवसाच्या पंधरा-वीस चिठ्ठ्यांना रबर लावून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकायच्या. कोणाकोणाची लग्नं मोडीखाली गेली आहेत ते विचारू नका.

आणि आजी? तिचं कोडं सुटलं ते माझी जुनी वही पुन्हा उघडल्यावर. मी लिफ्टची चार मिनिटं टिपली होती, कुकरची सहा टिपली होती, पण सीएसएमटी ते ठाणे हा रोजचा तास त्यात नव्हताच. तो ‘प्रवास’ म्हणून मनाने बाजूला ठेवला होता. संध्याकाळी मी फास्ट सोडून कल्याण स्लो धरते. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, पण गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे खिडकी नाही तरी बसायला मिळतं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हापासून या रुळांवर माणसं तासतास बसत आली आहेत. त्यात मी एक, आणि तो अख्खा सलग तास मी चिठ्ठ्या उलटसुलट करण्यात घालवत होते, तर पाच मिनिटांच्या फटीत आजीला कोंबत होते. डाय उलट्या प्रेसवर चढवल्या होत्या. आता मस्जिदला वही उघडते, ‘मग आजी फडताळातून’ वाचते, भायखळ्यापर्यंत सेटिंग होतं, आणि मुलुंडपर्यंत लिहिते. ऑफिसातल्या जुन्या डायऱ्या वापरते, फोन नाही. फोनमध्ये आजीच्या शेजारच्याच खोलीत रील्स राहतात.

मुलुंडला वही मिटते. पुढचा तुकडा रिकामा ठेवते, अगदी रिकामा, आणि हे मी आळसाने करत नाही. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण दोन टक्के असतो, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा खातो, आणि आपण गणित सोडवायला बसलो म्हणून ती खादाडी फारशी वाढत नाही. पाच टक्क्यांच्या आतच. म्हणजे काहीच करत नसतानाही तो आत काहीतरी करतच असतो. मार्कस रायकल या मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की मेंदूचे काही ठरावीक भाग आपण कामात नसतानाच जास्त जागे असतात. जुन्या आठवणी, पुढचे बेत, दुसऱ्यांच्या मनात काय असेल याचे तर्क, अशा वेळी ते भाग चालू दिसतात.

आणि मायकेला ड्यूअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली साठीच्या पुढच्या माणसांवर एक छोटासा प्रयोग केला. दोन गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर दहा मिनिटं काही न करता शांत बसायचं, दुसरीनंतर दहा मिनिटं चित्रांतला फरक शोधायचा खेळ. शांत बसल्यावरची गोष्ट त्यांना जास्त आठवली, आठवड्यानंतरसुद्धा. नवं आत आल्यावर ते मुरायला थोडा वेळ लागतो. लोणचं घातल्या दिवशीच बरणी हलवत बसलं तर काय होणार?

पण रिकामं बसणं सोपं नाही हेही खरं. टिमथी विल्सन यांच्या २०१४च्या प्रयोगात लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं बसवलं होतं. जवळ एक बटण, दाबलं की विजेचा झटका. हा झटका टाळायला आपण पैसेही देऊ, असं याच लोकांनी आधी सांगितलेलं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तो बसल्या बसल्या स्वतःला देऊन घेतला. नुसतं बसण्यापेक्षा झटका बरा! हे मी घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, बटण काय आहे ते बघायला दाबलं असेल. म्हणजे बारांमधला एक आमच्याच घरात आहे.

तर मुलुंड गेलं की मी डोळे मिटते. गेल्या महिन्यात एकदा ते असे मिटले की उघडले तेव्हा खिडकीबाहेर खाडी मागे पडत होती. कळव्याला उतरले. परतीची गाडी इंडिकेटरवर नऊ मिनिटांनी दाखवत होती. नऊ मिनिटं, लांबी माहीत असलेली, हात मोकळे, डोळे मोकळे. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला तर चिठ्ठ्यांचं रबर तुटून सगळी अक्षरं डब्याच्या झाकणापाशी पसरली होती. ती गोळा करून, सुलट-उलट लावून होईपर्यंत गाडी आली.